काळजाचे दार आणि पायाखालची वाट

आपल्याकडे वय झालेल्या माणसाला मान देण्याची एक ठरलेली रीत आहे. तो दारात आला की कोणीतरी लगबगीने उठतो, खुर्ची पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘बसा.’ लग्नाच्या मांडवात, सभेच्या ठिकाणी, मयताच्या घरच्या अंगणात, सर्वत्र हा शब्द त्याच्या स्वागताला हजर असतो. त्यामागचा आदर खरा असतो, यात शंका नाही. परंतु ज्या भाषेत आपण हा आदर व्यक्त करतो, त्याच भाषेत धंदा ‘बसला’ म्हणजे बुडाला, घर ‘बसले’ म्हणजे कोसळले आणि आवाज ‘बसला’ म्हणजे गेला, असेही आपण म्हणतो. बसण्याचे हे दोन अर्थ वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत, हे मला वयाच्या ५८ व्या वर्षानंतर, छाती उघडून हृदयाची एक झडप बदलून घेतल्यावर, हळूहळू उमगत गेले.

ती शस्त्रक्रिया २०१० साली झाली. त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. आता सत्तरी ओलांडली आहे आणि नव्या झडपेलाही पंधरा वर्षे होऊन गेली. माझ्या ओळखीच्या आळ्यांतून हृदयावर शस्त्रक्रिया झालेला एखादा तरी वडीलधारा आता भेटतो आणि बहुधा तो व्हरांड्यात बसलेलाच भेटतो. म्हणून या वर्षांत जे अनुभवले, वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

माझ्या दुखण्याचे मूळ बालपणात होते. १९६३ साली, मी अकरा वर्षांचा असताना, घसा दुखून ताप आला. पाठोपाठ गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. एक सांधा मोकळा होईतो दुसरा धरायचा. आई निर्गुडीच्या पाल्याने शेकत असे. महिन्याभरात ताप गेला, सांधे पूर्ववत झाले आणि घरच्यांच्या दृष्टीने दुखणे संपले. पण हा संधिवाताचा ताप मोठा कपटी असतो. घशात शिरलेल्या जंतूंशी लढता लढता शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच हृदयावर वार करते. सांध्यांना तो नुसता स्पर्श करून जातो. हृदयाच्या झडपांवर मात्र कायमचा ओरखडा ठेवतो. पुढे वीस-तीस वर्षांत त्या झडपा जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हे टळू शकते. म्हणून मुलाचा घसा दुखून ताप आला तर ते दुर्लक्षू नये, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

हृदयात चार झडपा असतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली जी झडप, तिला मायट्रल म्हणतात. निरोगी माणसात हे दार चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. माझे दार एका चौरस सेंटिमीटरच्याही आत आले होते. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की धाप लागे. रात्री एका उशीवर झोप येईना, दोन लागू लागल्या. नाडी बेताल झाली.

मुंबईतील एका रुग्णालयात झडप बदलायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय समजावून दिले. एक झडप प्राण्याच्या ऊतींपासून केलेली. तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागेलच असे नाही, पण काही वर्षांनी ती झिजते. दुसरी यांत्रिक, ती झिजत नाही, पण गोळी जन्मभर सुटत नाही. माझे वय पाहता दुसरी निवडली. एका कड्यात बसवलेल्या, कठीण कार्बनच्या दोन अर्धचंद्राकृती पाकळ्या, एवढेच तिचे स्वरूप. त्या मिटताना बारीक टिकटिक होते. रात्री आजूबाजूला सामसूम झाली की ती मला ऐकू येते. माझ्या पत्नीलाही येते. मी परगावी गेलो की घड्याळ बंद पडल्यासारखे वाटते, असे ती म्हणते.

या झडपेचा इतिहास मी पुढे कुतूहलाने वाचला. १९५८ साली लोवेल एडवर्ड्स नावाचे एक निवृत्त अभियंता अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे आल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदाकडे गेले. एडवर्ड्सचे वय तेव्हा साठीच्या घरात होते आणि पंपांच्या रचनेत त्यांचे आयुष्य गेले होते. कृत्रिम हृदय बनवावे, असा त्यांचा मनोदय होता. स्टार यांनी सुचवले की आधी एक झडप बनवू. दोघांनी मिळून पिंजऱ्यात वरखाली होणाऱ्या चेंडूसारखी झडप घडवली आणि १९६० साली ती रुग्णांच्या हृदयात बसू लागली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अपयशी नमुन्यांनंतर भारतीय झडप तयार केली. ती पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये रुग्णाला बसवण्यात आली. परदेशी झडप ज्यांना परवडत नव्हती, अशा असंख्य गरिबांना तिने आधार दिला. निवृत्त माणसाने आता काय करायचे, असा प्रश्न मनात आला की मला एडवर्ड्स आठवतात.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘काका, उठायचं.’ छातीचे हाड मधोमध कापून पोलादी तारेने शिवलेले, अंगाला नळ्या लावलेल्या, आणि ही मला उठायला सांगते, याचे मला नवल वाटले. पण तिच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची, खुर्चीतून उठताना हातांवर भार द्यायचा नाही, दोन-तीन महिने जड काही उचलायचे, ओढायचे, ढकलायचे नाही, कारण हाड सांधायला तेवढा अवधी लागतो, हे सारे तिने शिकवले. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डातल्या भिंतीला धरून वीस पावले चाललो. त्या वीस पावलांनंतर जेवढा दमलो, तेवढा पुढे कधी दमलो नसेन.

हे शहाणपण वैद्यकशास्त्रालाही सहजासहजी लाभलेले नाही. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणावर सक्तीने निजवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लीव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना दिवसातला काही वेळ आरामखुर्चीत बसवावे, असे सुचवले, तेव्हा तेही अनेकांना धाडसाचे वाटले होते. म्हणजे खुर्चीचाही एके काळी मोठा उपकार झाला आहे. मात्र ती वाटेतला मुक्काम होती. पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. त्यांच्या शरीराची श्रम करण्याची क्षमता झपाट्याने उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी क्षमता गेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने गेली होती. हे वाचल्यापासून ‘जरा पडून राहा’ हा सल्ला मी जपून देतो आणि त्याहून जपून घेतो.

या संदर्भात मला एका सोबत्याची आठवण सांगितलीच पाहिजे. शेजारच्या खाटेवर पालघरकडचे एक गृहस्थ होते. आमची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात झाली आणि झडपही एकाच जातीची. घरी गेल्यावर आम्ही एकमेकांना फोन करीत असू. त्यांचे कुटुंब फार प्रेमळ होते. त्यांना कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. जेवण खुर्चीवर, अंघोळीचे पाणी दाराशी, चर्चला जायचे तर मोटार अंगणात. दोन वर्षांत त्यांच्या पोटऱ्या हातासारख्या बारीक झाल्या. मग उंबरा ओलांडायला आधार लागू लागला आणि पुढे अंथरूण सुटेना. २०१४ च्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, ‘काका, शेवटपर्यंत टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती.’ त्या मुलाच्या सेवेत कसलीही कसूर नव्हती. न्यूमोनिया चालत्याफिरत्या माणसालाही गाठू शकतो, हे मी जाणतो. पण परतीच्या गाडीत मात्र एकच विचार मनात घोळत राहिला: काळजाचे दार उघडत होते, मिटत होते, आणि त्याने पोसायचे ते पाय केव्हाच निकामी झाले होते.

वास्तविक आमच्या वसईच्या लोकांना व्यायाम हा शब्द शिकवावा लागावा, ही गंमतच आहे. वडील पहाटे वाडीत जात. रहाट चालू करायचा, पाटाने केळीला पाणी सोडायचे, बांध फोडायचे आणि बांधायचे, यात त्यांचा दिवस जाई. आई भाजीची टोपली डोक्यावर घेऊन गाडी गाठायची आणि मुंबईच्या बाजारात ती विकून परतायची. त्यांना कोणी ‘फिरायला जा’ म्हटले असते तर त्या माणसाच्या अकलेची त्यांनी कीव केली असती. आता विहिरीवर पंप बसला, अंगणात स्कूटर आली आणि वाड्यांच्या जागी इमारती आल्या. श्रम गेले ते बरेच झाले, कारण त्यांत कष्टही फार होते. पण श्रमांबरोबर शरीराला न मागता मिळणारी जी हालचाल होती, तीही गेली. ती आता मागून, आठवण ठेवून, मुद्दाम मिळवावी लागते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर डॉ. जेरेमी मॉरिस यांनी केलेले एक निरीक्षण १९५३ साली प्रसिद्ध झाले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून शेकडो वेळा चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. दोघांची गाडी एक, रस्ता एक. फरक काय तो त्या जिन्याचा.

माझे चालणे घरापासून विहिरीपर्यंत, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे असे सुरू झाले. आमच्या भागात वळणावळणावर क्रूस उभे आहेत. ते माझे मैलाचे दगड झाले. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या क्रूसापर्यंत, दोन महिन्यांनी चर्चपर्यंत आणि सहाव्या महिन्यात सुरूच्या झाडांतून समुद्राच्या वाळूपर्यंत मी पोचलो. वाळू लागली त्या दिवशी तिथेच उभा राहून बराच वेळ श्वास घेत होतो. तो दमल्याचा नव्हता.

किती वेगाने चालावे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. डॉक्टरांनी सांगितले की चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये; तो मध्यम श्रमाचा वेग. आम्ही नवरा-बायकोने त्याचा आपल्या परीने उपयोग केला. पहाटे चालताना आम्ही रोझरीची माळ म्हणतो. ‘नमो मरिया’चा पहिला भाग तिचा, दुसरा माझा. माझा भाग मधे श्वास न तुटता म्हणता आला की वेग ठीक आहे, असे समजावे. तुटू लागला की ती आपणहून पावले आखडते. मला काही सांगावे लागत नाही. ज्यांची नाडी माझ्यासारखी बेताल असते, किंवा जे नाडीचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांना नाडीचे ठोके मोजून श्रमाचा अंदाज नीट येत नाही. त्यांच्यासाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी सहापासून वीसपर्यंत एक मोजपट्टी तयार केली आहे. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि वीस म्हणजे शक्तीची परिसीमा. मला अकरा ते तेरा यांच्या दरम्यान राहायला सांगितले आहे. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे संथ चालायचे आणि शेवटचीही तशीच. चालणे एकदम थांबवले तर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते.

आता गोळीविषयी. यांत्रिक झडपेवर रक्त गोठू नये म्हणून ती घ्यावी लागते आणि नव्याने आलेल्या अशा प्रकारच्या काही गोळ्या या झडपेला चालत नाहीत, हे प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावे. या औषधांच्या कुळाची कथा विलक्षण आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेले गोड क्लोव्हरचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातले द्रव्य शोधून काढले. त्यातून पुढे वॉर्फरिन आले. १९४८ पासून ते उंदीर मारण्यासाठी वापरात होते आणि काही वर्षांनी माणसाचे औषध झाले. विष आणि औषध यांतले अंतर मात्रेचे असते. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. पालेभाज्यांतले ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. पालेभाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची, असा नियम आहे. हा नियम वसईकराला किती अवघड, ते वसईकरच जाणे! उपवासकाळात मांसाहार बंद झाला की आमच्या घरी पालक, मेथी, माठ यांचे राज्य येते आणि पहिल्या वर्षी त्या दिवसांतला माझा तपासणीचा आकडा पाहून डॉक्टर चकित झाले होते. तेव्हापासून माझ्या पानातल्या भाजीचे माप चाळीस दिवस बदलत नाही.

या गोळीची दुसरी बाजू मला २०२१ च्या जुलैमध्ये दिसली. तीन दिवस झड लागली होती. विहिरीच्या पायरीवर रातोरात शेवाळ धरले आणि माझा पाय सरकला. डोके दगडावर आपटले. सामान्य माणसाला टेंगूळ आले असते. माझा सदरा रक्ताने भिजला. रुग्णालयात डोक्याचे स्कॅन झाले, दोन रात्री देखरेखीखाली ठेवले. रक्तस्राव कवटीच्या बाहेरच होता, आत नव्हता. सुटलो.

घरी आल्यावर संध्याकाळी सगळे माझ्याभोवती बसले. धाकटा मुलगा म्हणाला, ‘पपा, आता पुरे झालं. व्हरांड्यात फिरा, हवं तेवढं फिरा, पण फाटकाबाहेर नको.’ पत्नी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझे चालण्याचे बूट जागेवर दिसले नाहीत. ते कपाटावर होते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच मला उत्तर सुचेना. रक्त पातळ असलेल्या माणसाचे पडणे हे साधे पडणे नसते. पोर्टलंडची हकिकत मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवे. १९६० साली स्टार यांच्या झडपेवर जगलेल्या पहिल्यावहिल्या रुग्णांपैकी एक, ५२ वर्षांचा गृहस्थ, त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला. त्याचा मृत्यू हृदयाने झाला नाही. आपल्या घराला रंग देत असताना तो शिडीवरून पडला. मुलाला ही गोष्ट सांगितली असती तर तो म्हणाला असता, ‘बघा, मी हेच म्हणत होतो.’ आणि मला मात्र त्यात शिडीच्या वरच्या पायरीवर, हातात कुंचला घेतलेला, दहा वर्षांपूर्वी ज्याला श्वास घेणे कठीण होते असा एक माणूस दिसत होता. दोन्ही अर्थ खरे होते. त्यांतला कोणता घेऊन उरलेले आयुष्य काढायचे, हा प्रश्न होता.

तीन आठवडे मी व्हरांड्यात फिरलो. दहा पावले गेले की कठडा. चौथ्या आठवड्यात जिना चढताना मला गुडघ्यावर हात टेकावा लागला. पालघरच्या सोबत्याची आठवण झाली आणि मन धास्तावले.

या पेचातून वाट दाखवली ती सुनेने. ती परिचारिका आहे. एका रविवारी ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, ‘पपा, ओट्याजवळ उभे राहा, आणि हात न टेकता एका पायावर किती वेळ राहता ते बघू.’ मी तीन सेकंदही राहू शकलो नाही. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, ‘यांचा तोल कमी झालाय. चालायचं बंद केलं तर तो आणखी कमी होईल. तोल शिकवायला हवा.’ नुसत्या चालण्याने श्वास सुधारतो, पायांना थोडे बळही येते. परंतु तोल ही वेगळी विद्या आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, आणि पासष्टीपुढच्या लोकांनी त्याखेरीज आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम करावेत.

तेव्हापासून ओट्यापाशी रोज पंधरा मिनिटे माझी शाळा भरते. ओट्याला बोटे लावून एका पायावर उभे राहायचे, मग दुसऱ्या. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायचे. आणि खुर्चीवर बसून, हात न टेकता, दहा वेळा उठायचे. ज्या खुर्चीने आम्हां म्हाताऱ्यांना बांधून ठेवले, तिचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंडांचा व्यायाम होतो. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. चार महिन्यांनी मी एका पायावर वीस सेकंद उभा राहिलो. त्या दिवशी मुलाने स्वतःच कपाटावरचे बूट खाली काढले, त्यांवरची धूळ पुसली आणि दाराशी ठेवले. तो काही बोलला नाही, मीही नाही.

बूट खाली आले ते काही अटींवर आणि त्या मला मान्य आहेत. पावसाळ्यात विहिरीकडे जायचे नाही. चर्चच्या सभागृहात फेऱ्या मारायच्या. न्हाणीघरात भिंतीला धरायची कांब बसवली आहे, रात्री दिवा जळतो. खिशात चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, झडपेचा प्रकार, गोळीचे नाव आणि घरचा फोन. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो की झडपेविषयी आधी सांगतो, कारण हिरड्यांतले जंतू रक्तावाटे झडपेवर जाऊन बसू शकतात. दात काढण्यापूर्वी त्यासाठी औषध घ्यावे लागते. चालताना छातीत दुखले, भोवळ आली, नेहमीपेक्षा अधिक धाप लागली तर तिथेच थांबायचे. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढले, घोटे सुजले, निजल्यावर श्वास कोंडू लागला किंवा ताप उतरेना, तर डॉक्टरांना कळवायचे. बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, शौच काळे झाले किंवा टिकटिक मंदावल्यासारखी वाटली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठायचे. माझ्या पत्नीचा कान या शेवटच्या बाबतीत माझ्याहून तिखट आहे.

प्रत्येकाचे हृदय निराळे आणि झडपही निराळी. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसवली. आज अनेक वयोवृद्धांना तसा उपचार मिळतो आणि ते काही दिवसांतच घरी परततात. त्यांचे नियम माझ्यासारखेच असतील असे नाही. म्हणून माझे माप कोणी आपल्याला लावू नये. ते आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे. पण डॉक्टरांना ‘मी काय करू नको?’ एवढेच विचारून घरी येऊ नये. ‘मी काय करू?’ हेही विचारावे.

सर्वच परत मिळाले, असे मी म्हणणार नाही. धावणे गेले ते गेले. भरलेली बादली उचलत नाही. गेल्या वर्षी माझ्या बालपणाच्या मित्राचे निधन झाले. साठ वर्षांची मैत्री. पण त्याच्या शवपेटीला मला खांदा देता आला नाही. तरुण पोरांनी मला आदराने बाजूला केले आणि कोणीतरी मोटारीचे दार उघडून म्हणाले, ‘मास्तर, बसा.’ मी मान हलवली. त्याच्या घरापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून दफनभूमीपर्यंत मी त्याच्यामागून माझ्या पायांनी चालत गेलो. त्याला देण्यासारखे माझ्यापाशी तेवढेच उरले होते, आणि ते होते म्हणून देता आले.

घरोघरच्या मुला-सुनांना, नातवंडांना माझी एक विनंती आहे. आम्हां वडीलधाऱ्यांसाठी तुम्ही औषधे आणता, तपासण्या करता, खर्चाला मागेपुढे पाहत नाही. त्या सगळ्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण एकट्याने चालायला आम्हांला भीती वाटते आणि ती भीती आम्ही बोलून दाखवत नाही; ‘आज कंटाळा आला’ असे म्हणून वेळ मारून नेतो. तेव्हा संध्याकाळी कामावरून आल्यावर पंधरा मिनिटे काढा, बूट दाराशी आणून ठेवा आणि म्हणा, ‘चला, क्रूसापर्यंत जाऊन येऊ.’ पहिल्या दिवशी आम्ही नाही म्हणू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.